चीनचा डॉक्टर, मुक्काम आखाडा

येळीवाडीत एक रीत आहे. पोराला मेडिकलला प्रवेश मिळाला, की त्या दिवसापासून ते डॉक्टर. हातात पुस्तक यायच्या आधी नावापुढं 'डॉ.' लागतं. टपरीवर गेलं की 'या डॉक्टरसाहेब' सुरू होतं, भावकीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापलं जातं, आणि गुडघा धरून बसलेली एखादी म्हातारी वाटेत अडवून विचारते, की बाबा, कोणती गोळी घेऊ? यात कुणाचं वाईट नसतं. गावाला कौतुक, आईबापाच्या जिवाला बरं वाटतं. पंचाक्षरी बिराजदारला मात्र हीच रीत नडली.

राजशेखर बिराजदारांचा हा एकुलता एक. निलंग्यावरून कर्नाटकाच्या अंगाला निघालं की येळीवाडी लागते. आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणणारा हा मुलूख. पंचाक्षरी फार हुशार म्हणावा असा नव्हता, पण एकदा मांडी घातली की उठायचा नाही. लातूरला खोली करून, क्लास लावून त्यानं दोनदा परीक्षा दिली. सरकारी जागा दोन्ही वेळेला थोडक्यात हुकली आणि खासगी कॉलेजचं नाव घरात काढायची सोय नव्हती. मग नांदेडला एका हॉटेलात कुण्या एजंटानं सभा भरवली. टाय लावून, पडद्यावर चित्रं दाखवून त्यानं सांगितलं, की चीनमध्ये हेच शिक्षण निम्म्यात होतं. अप्पांनी तिथंच मान हलवली आणि पुढं पैशासाठी शेताचा एक तुकडा विकला. घरी आल्यावर गौरम्मा अव्वांनी विचारलं, चीन कुठं आलं? अप्पा म्हणाले, हैदराबादेच्या पुढं. तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

तर पंचाक्षरी हैदराबादेच्या पुढं गेला आणि शिकू लागला. त्याच सभेतून मुखेडची मनिषा नावाची मुलगी त्याच्या वर्गात आली होती. परक्या मुलखात मराठी बोलायला तेवढीच एक. पहिली वर्षं पुस्तकात गेली. खरं शिक्षण पुढं होतं, म्हणजे दवाखान्यातलं. खाटेवरच्या माणसाचा हात हातात घ्यायचा, पोट चाचपायचं, छातीला कान द्यायचा. ते सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. त्याआधी चिनी नववर्षाची सुट्टी लागली, म्हणून दोन हजार वीसच्या जानेवारीत, ऐन हुरड्याच्या दिवसांत, पोरगा गावाकडं आला.

आता बापाचा आनंद बघा. अप्पांनी निलंग्याहून हातभर नव्हे, चांगला खाटेएवढा फ्लेक्स छापून आणला आणि फाट्यावर उभा केला. पांढऱ्या कोटातला पंचाक्षरी, गळ्यात स्टेथोस्कोप, मागं विमान आणि चीनची भिंत. वर मोठ्या अक्षरात, 'डॉ. पंचाक्षरी राजशेखर बिराजदार यांचे चीन देशातून गावात आगमन झाल्याबद्दल हार्दिक स्वागत'. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, त्यात पहिला चेहरा चुलत्याचा, ग्रामपंचायतीचे सदस्य भीमाशंकर यांचा. फ्लेक्स लावून दोन-चार दिवस झाले नसतील, तोवर टीव्हीवर वुहान सुरू झालं. रस्त्यात माणसं पडताहेत, दारांना फळ्या ठोकताहेत, असलं काय काय दाखवायला लागले. रोग कुठून आला, तर चीनमधून. आणि आपल्या फाट्यावर काय लिहिलंय?

पारावर माणसं जमली. पंचाक्षरीनं परोपरीनं सांगितलं, की त्याचं कॉलेज त्या शहरापासून इतकं लांब आहे, जितकी येळीवाडीपासून दिल्ली. विमानतळावर तपासूनच सोडलंय. कुणीतरी म्हणालं, दिल्ली बी आपल्याच देशात हाय की! सगळ्यात मोठा आवाज भीमाशंकर काकांचा. घरचं पोरगं असलं म्हणून काय झालं, आधी गाव बघायचं, असं ते तावातावानं म्हणाले. सदस्याला असं बोलावंच लागतं, आणि भ्यायलेही होतेच. शेवटी पंचाक्षरीनं स्वतःच सांगितलं, की मी आखाड्यावर राहतो, गावात येत नाही. आखाडा म्हणजे शेतातलं पत्र्याचं खोपट, बैलांचं आणि अवजारांचं. त्याच संध्याकाळी लोकांनी फ्लेक्स काढला. हात लावायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून लांब वेळूनं ढोसून पाडला आणि तसाच पेटवला.

दोन आठवडे गेले. आरोग्य खात्याची बाई रोज फोन करून विचारायची, साधी शिंकसुद्धा आली नाही. पंचाक्षरी घरी आला. आता सगळं सुरळीत होईल असं त्याला वाटलं. पण न्हाव्यानं दाढी करायला नकार दिला. ते चालून गेलं. गिरणीत अव्वांचा ज्वारीचा डबा बाजूला ठेवला गेला. सगळ्यांचं दळण झाल्यावर बघू म्हणाले, आणि सगळ्यांचं झाल्यावर गिरणी बंद केली. अव्वा डबा तसाच डोक्यावर घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पंचाक्षरी वळकटी घेऊन आखाड्यावर परत गेला. आईचं दळण व्हावं म्हणून गेला. मग देशच बंद झाला, आणि चीननं आपली दारं आतून लावून घेतली. बाहेरच्या विद्यार्थ्यांनी पुढची सूचना येईपर्यंत येऊ नये, असं कळवलं. ती पुढची सूचना काही येईना.

मग सुरू झालं फोनवरचं शिक्षण. आखाड्यावर रेंज नाही. विहिरीजवळच्या बाभळीखाली तेवढ्या दोन काड्या यायच्या. चीनचं घड्याळ आपल्या पुढं, म्हणून दिवस उजाडायच्या आत हा बाभळीखाली हजर. तिकडं मास्तर रबरी बाहुलीच्या पोटावर हात ठेवून दाखवायचा, की यकृत असं चाचपायचं. इकडं हा स्वतःच्याच पोटावर हात ठेवायचा. दुसऱ्या कुणाचं पोट होतं तिथं? बैलांची दोन तोंडं गव्हाणीतून बघत राहायची. वर्ग सुटला की दिवस मोकळा पडायचा, आणि तो मोकळा दिवस फार वाईट असायचा. चार-चार दिवस त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मग बैलांना 'हो' म्हणताना आपलाच आवाज ऐकून तो दचकायचा. अव्वा भाकरी घेऊन यायच्या, पण अप्पांनी ताकीद दिलेली, की लांबूनच ठेवायची. त्या बांधावर बसायच्या, हा खाटेवर, मधे हरभरा काढलेलं मोकळं रान.

जूनमध्ये तिकडं लडाखच्या डोंगरात चकमक झाली. आपले जवान गेले. सगळ्या देशाच्या पोटात आग पेटली, येळीवाडीच्याही पेटली. पोरांनी फाट्यावर चिनी मालाची होळी केली. दिवाळीच्या माळा, एक-दोन खेळणी आणि कुणाचा तरी बंद पडलेला मोबाइल. माल कमी पडला, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि सगळी आखाड्यावर आली. चीनचं काय असंल ते काढ म्हणाली. पंचाक्षरीनं पेटीतला पांढरा कोट काढून दिला. खिशावर चिनी अक्षरं होती, कॉलेजचं नाव. या पोरांबरोबर तो लहानपणी विहिरीत पोहला होता. पोरं कोट नाचवत घेऊन गेली. रागापेक्षा त्याला लाज वाटली, आणि लाज कशाची हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याच महिन्यात सरकारनं चिनी ॲप बंद केली. शिकवणं, हजेरी, सूचना, सगळं ज्या ॲपवर चालायचं, तेही त्यात गेलं. दिल्लीनं बीजिंगला झटका दिला, असं टीव्हीवाले सांगत होते. खुश होते बिचारे. तो झटका बाभळीखाली एका पोराला बसला, हे त्यांना कुठून कळावं? कॉलेजनं दुसरी वाट काढेपर्यंत पंचाक्षरी रोज पहाटे तिथं जाऊन नुसता बसायचा. न जाऊन करणार काय?

पुढच्या साली नवीनच गंमत. चीननं जाहीर केलं, की आमची लस घेतली असेल त्यांच्या व्हिसाचा विचार करू. आणि ती लस हिंदुस्थानात मिळतच नव्हती! जगातले मोठे देश लसीवरून असे भांडत होते, जसे भावकीत बांधावरून भांडतात. तुझी मी मानत नाही, माझी तू घे. मनिषाचा मुखेडहून फोन आला. कुणी म्हणतंय नेपाळला जाऊन टोचून घ्यावी, कुणी म्हणतंय दुबईला, असं ती सांगत राहिली. मग म्हणाली, मी हे शिक्षण सोडतेय. नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतेय. तिथं निदान माणसं हाताखाली येतील, या फोनमधून मला काही येईना झालंय. पंचाक्षरीनं तिला चांगलं केलंस म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याला एवढं एकटं वाटलं, की तो विहिरीच्या काठावरून उठून लांब जाऊन बसला.

आणि एप्रिलात दुसरी लाट आली. तिचं वर्णन करायला नको, ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे. आता हिंदुस्थान जगाची बातमी झाला आणि देशोदेशींनी आपली विमानं बंद केली. येळीवाडीत एका घराआड एका घरात खोकला. आणि ज्याला गावानं बाहेर काढलं होतं, त्या डॉक्टरची गावाला आठवण झाली. आखाड्याकडं माणसं यायला लागली, डॉक्टर, बघता का म्हणत. पंचाक्षरीकडं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं, ते तो बांधावर ठेवून त्यांनाच लावायला सांगायचा. पालथं निजा म्हणायचा, आकडा खाली आला तर क्षणभर थांबू नका, दवाखाना गाठा म्हणायचा. सुई मागितली तर नाही म्हणायचा. लोक मागं बोलायचे, की एवढी वर्षं चीनमध्ये शेण्या थापल्या का यानं!

एका दुपारी भीमाशंकर काका स्वतः आले. पायात चप्पल नव्हती. सिंधु काकूंना दम लागला होता. पंचाक्षरी धावत गेला, यंत्र लावलं आणि आकडा बघून जीप काढायला सांगितली. तालुक्याला खाट नव्हती, लातूरला जा म्हणाले. मागच्या सीटवर काकूंचं डोकं काकांच्या मांडीवर, आणि मनगट पंचाक्षरीच्या हातात. ही काकू त्याला लहानपणी मोहोळाचा मध चाटवायची. औसा मागं पडलं तसं काका विनवायला लागले, डॉक्टर, काही तरी कर, तुझ्या बॅगेत काय हाय ते टोच, मी कुणाला सांगत न्हाई.

"काका, मी डॉक्टर न्हाई," पंचाक्षरी म्हणाला. "मी अजून एकाबी पेशंटला हात लावलेला न्हाई. हा पहिलाच."

काकांनी त्याच्याकडं बघितलं आणि काकूंचं डोकं मांडीवर नीट घेतलं. पुस्तकात नाडीवर मोठं प्रकरण होतं, ते त्याला पाठ होतं. नाडी बारीक होत गेली, चुकायला लागली, आणि लातूर समोर दिसत असताना बोटाखाली काहीच उरलं नाही. तरी पंचाक्षरीनं मनगट सोडलं नाही. सोडलं की काकांना कळणार, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानंतर तो बदलला. आधी त्याला परत जायचं होतं ते सगळ्यांसाठी. बापासाठी, विकलेल्या तुकड्यासाठी, नावापुढच्या त्या एका अक्षरासाठी. आता त्याला स्वतःला जायचं होतं. आपल्याला काय येत नाही, ते त्या जीपमध्ये त्याला कळलं होतं. रोज पहाटे तो बाभळीखाली बसत राहिला, परीक्षा देत राहिला, आणि फोनमधूनच एकेक वर्ष पासही होत गेला. पास झाला की त्याला भीती वाटायची.

दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात एकदाची चीननं दारं उघडली. व्हिसा द्यायला सुरुवात झाली. कॉलेजनं पंचाक्षरीला विचारलं, की फोनवरची वर्षं धरून पुढं जायचं, का दोन वर्षं मागं बसून दवाखान्यातलं शिक्षण पुन्हा घ्यायचं? दिल्लीचं म्हणणं तोवर स्पष्ट झालं होतं, की फोनवर केलेली प्रॅक्टिकलं आम्ही धरणार नाही. पण दिल्लीनं धरली असती तरी पंचाक्षरी मागंच बसला असता. त्यानं तसं कळवून टाकलं आणि मग घरी सांगितलं.

अप्पा उसळले. त्यांनी आतून वेगळीच जुळवाजुळव केली होती. ओळखीचा एक डॉक्टर शेजारच्या गावात दवाखाना टाकणार होता. पाटी त्याची, बसायचं पंचाक्षरीनं. सर्दी-पडशाला कोण चीनचा कागद विचारतंय? आणि मागच्या वर्गात बसायचं म्हणजे गाव काय म्हणणार, तर बिराजदाराचं पोरगं नापास झालं. एवढी वर्षं डॉक्टर-डॉक्टर म्हणून मिरवलं आणि आता पोरगं पुन्हा शाळेत? मला फाट्यावर तोंड दाखवायला जागा ठेवू नको, असं म्हणून अप्पा जेवण टाकून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नव्हे तो, पोराच्या नावावर जगत आलेला माणूस.

भीमाशंकर काकांना हे कळलं, तसे ते आले. काकू गेल्यापासून त्यांनी कुणाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यातच उभं राहून ते भावाला म्हणाले, "राजा, पोराला जाऊ दे. मी याला गावाबाहेर काढला आणि मग याच्याच पायाशी आलो. हा खरं बोलला माझ्याशी. खोटं बोलून सुई टोचली असती, तर मी आज ह्याला देव म्हणत फिरलो असतो." अप्पांनी पाठ फिरवली. काका आले तसे गेले.

अव्वांचं दुःख वेगळं होतं. गिरणीत, देवळात, खुरपायच्या रांगेत त्या पोराचं नाव कधी घेत नसत. 'आमचे डॉक्टर' म्हणायच्या. डबा बाजूला ठेवला त्या दिवशीही म्हणाल्या होत्या, की आमच्या डॉक्टरला साधी शिंक न्हाई. एवढंच एक त्यांच्याजवळ होतं. तेवढं नाव पोरगंच आता काढून घ्यायला निघालं होतं, आणि कधी परत येईल, मधे दारं पुन्हा लागली तर काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

जायच्या सकाळी अप्पा उठून शेताकडं निघून गेले. फाट्यापर्यंत अव्वाच आल्या. पेटी दोघांनी मिळून धरली होती. त्यांनी पोराच्या कपाळाला भस्म लावलं, आणि अडीच वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडावरून हात फिरवला. अंगात सगळं तसंच आहे का हे बघितल्यासारखा, गालावरून, मानेवरून, खांद्यावरून. पंचाक्षरी हललासुद्धा नाही. एस.टी. आली, तो चढला, खिडकीशी बसला. कंडक्टर पेटी वर टाकून घेत होता.

तेवढ्यात खुरपायला निघालेल्या बाया फाट्यावर आल्या. त्यातल्या एकीनं थांबून विचारलं, की गौरम्मा, डॉक्टर कुठं निघाले म्हणायचे?

अव्वांनी खिडकीकडं बघितलं. मग बायांकडं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"डॉक्टर न्हाई बाई अजून. शिकायला चाललाय."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गाडी हलली. पंचाक्षरीनं खिडकीतून बाहेर डोकं काढलं, तोवर अव्वा डोक्यावरचा पदर पुढं ओढून गावाच्या वाटेला लागल्याही होत्या, बायांच्या घोळक्यातून एकट्याच.